पोटातल्या फुग्याचे सहा महिने

माझी उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ३९ च्या वर, आणि जोडीला मधुमेह. हे सारे पाहून डॉक्टरांनी आधी शस्त्रक्रियाच सुचवली होती. जठराचा भाग कायमचा काढून टाकायला माझे मन तयार होईना, तेव्हा त्यांनी एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून, जठरात सिलिकॉनचा फुगा बसवून सहा महिन्यांनी तो काढून घेण्याचा मार्ग सांगितला. शस्त्रक्रियेइतके वजन याने उतरत नाही, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले.

जठरात व्रण किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) नाही याची खात्री झाल्यावर फुगा बसवला गेला. गुंगीत असल्यामुळे मला काहीच जाणवले नाही. फुग्यात भरलेल्या ५५० मिलिलिटर सलाईनमध्ये मिथिलिन ब्लू हा निळा रंग मिसळलेला होता. फुगा गळू लागला तर लघवी हिरवी-निळी होते आणि वेळीच कळते. सहा महिने रोज सकाळी मी आधी तेवढेच पाहत असे.

‘थोडे मळमळेल’ एवढेच मला सांगितले होते, आणि ही गोष्ट मला आजही खटकते. पहिले चार दिवस उलट्या थांबत नव्हत्या, पोटात पीळ पडे, पाण्याचा घोटही टिकत नसे. तिसऱ्या दिवशी सलाईन लावण्यासाठी पुन्हा दवाखान्यात जावे लागले. घरी परतल्यावर सासूबाई वाटी घेऊन उशाशी बसत आणि ‘अगं, एक चमचा तरी घे’ म्हणत मुगाचे कढण भरवत. जठर सरावण्याआधीचे हे दिवस किती कठीण असतात, हे आधी नीट सांगितले गेले असते, तर मी निदान आठवड्याची रजा काढली असती.

पुढे पातळ पेज, मऊ भात आणि महिन्याभराने अर्धी भाकरी असा क्रम लागला. घास नीट चावला नाही, तर तो छातीशी अडल्यासारखा वाटे. आम्ल कमी करणारी गोळी रोज होती, आणि व्रणाच्या भीतीने डोकेदुखीवरच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या बंद होत्या.

जठरात अन्न साचून राहू नये म्हणून फुगा काढण्यापूर्वी दोन दिवस केवळ द्रवपदार्थ घेतले. डॉक्टरांनी सुईने फुगा फोडला, आतले पाणी ओढून घेतले आणि तो चिमट्याने तोंडावाटे बाहेर काढला. त्या दिवशी वजन ८५ किलो होते. आठवड्याभरातच भूक पूर्वीसारखी लागू लागली, त्यामुळे आहारतज्ज्ञांकडे जाणे मी थांबवलेले नाही. या गोष्टीला वर्ष झाले. तीन किलो परत आले आहेत, दहा उतरलेले टिकून आहेत.