तांब्यावरचे बुडबुडे

दहावीला धातूंची क्रियाशीलता शिकवताना मी श्रेणी आधी फळ्यावर लिहीत नाही. परीक्षानळ्या आधी, श्रेणी नंतर. पाच नळ्या, पाच धातू आणि सगळ्यांत सारखंच विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. मॅग्नेशिअमची फीत बघता बघता संपते, जस्त चांगलं फसफसतं, लोखंड रेंगाळतं, शिसं जवळजवळ गप्प असतं आणि तांबं ढिम्म. मुलं स्वतःच क्रम लावतात. इतकी वर्षं हा तास असाच पार पडत आला होता.

त्या दिवशी जस्तानेच अडवलं. जुने ओबडधोबड खडे संपले होते आणि नव्याने आलेल्या शुद्ध जस्ताच्या चकचकीत पट्ट्या मी वाटल्या होत्या. पट्टी आम्लात गेली आणि पुढे काहीच होईना. डोळे बारीक करून पाहिलं तर पृष्ठभागाला टाचणीच्या डोक्याएवढे दोन-चार बुडबुडे चिकटलेले. काहींनी वहीत ‘अभिक्रिया होत नाही’ असं लिहूनही टाकलं. आम्लात खोट म्हणावी तर त्याच बाटलीतल्या आम्लात मॅग्नेशिअम उसळत होतं.

मी काही बोलणार तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, “बाई, तांबं विरघळायला लागलं!”

जाऊन पाहते तर तिने तांब्याची तार तिच्या नळीतून काढून जस्ताच्या नळीत सोडलेली. तार पट्टीला टेकली होती आणि तारेच्या अंगावरून बारीक बुडबुड्यांची माळच्या माळ वर चढत होती. जस्त होतं तसंच शांत. तिने चिमट्याने तार जरा बाजूला केली, बुडबुडे थांबले. पुन्हा टेकवली, पुन्हा सुरू. हे तिने तीनदा करून दाखवलं. सांगितलं नसताना तिने तीनदा करून पाहिलं, हे मला फार आवडलं.

वर्गात लगेच दोन तट पडले. तांब्याची विरल हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया होत नाही, असं पुस्तकात छापलेलं आणि समोर तांब्यावरून वायू निघताना दिसतोय. खरं काय? मला उत्तर माहीत होतं, पण मी ते दिलं नाही. एवढंच विचारलं, “तांबं विरघळतंय की नाही, हे ठरवायचं कसं?”

एक मुलगा म्हणाला, वजन करू. विरघळत असेल तर घटेल. दुसरी म्हणाली, द्रावण निळं-हिरवं होतंय का ते बघू. दोन्ही सूचना मी फळ्यावर लिहिल्या. तार आधी पॉलिश पेपरने घासून घ्यायला मात्र मीच सांगितलं. जुन्या तारेवर कॉपर ऑक्साइडचा काळपट थर असतो. धातूंची बहुतेक ऑक्साइडं आम्लारिधर्मी असल्यामुळे तो थर आम्लात विरघळून क्षार आणि पाणी तयार होतं. मग वजन थोडं घटेल आणि दोष फुकट तांब्यावर जाईल. घासलेल्या तारेचं वजन भरलं 1.27 ग्रॅम, जस्ताच्या पट्टीचं 4.62. दोघांना एकमेकांना टेकवून चंचुपात्रातल्या आम्लात ठेवलं आणि पात्र उघड्या खिडकीपाशी, ज्योतीपासून लांब, दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी तार धुऊन, पुसून तराजूवर ठेवली. 1.27. पट्टी 4.18. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ.

“पण निळेपणा फिकट असेल तर दिसणार नाही ना?” खिडकीजवळच्या मुलीने विचारलं. शंका रास्त होती. म्हणून आम्लारी वापरायचं ठरलं. चंचुपात्रातलं थोडं द्रावण परीक्षानळीत घेऊन त्यात सोडिअम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायला लागलो. सुरुवातीचे थेंब पडतील तिथे पांढरं ढग उमटायचं आणि नळी हलवली की नाहीसं व्हायचं. आम्ल अजून शिल्लक होतं, आधी त्याचं उदासिनीकरण व्हायचं होतं. मग एका थेंबाला ढग टिकलं आणि नळीत दुधाळ पांढरा अवक्षेप उतरला. शेजारच्या नळीत कॉपर सल्फेटच्या द्रावणात तेच सोडिअम हायड्रॉक्साइड टाकून निळा अवक्षेप मुद्दाम काढून ठेवला होता. मुलं दोन्ही नळ्या जोडीने उजेडात धरून बघत होती. एकीत झिंक हायड्रॉक्साइड, दुसरीत कॉपर हायड्रॉक्साइड. आपल्या नळीत निळ्याचा मागमूस नाही.

त्यात एकाचा हात सैल सुटला आणि सोडिअम हायड्रॉक्साइड जास्त पडलं. पांढरा अवक्षेप विरघळून द्रावण पुन्हा नितळ! तो घाबरला. मी म्हटलं, छान झालं. झिंक हायड्रॉक्साइड आम्लातही विरघळतं आणि जास्तीच्या आम्लारीतही. उभयधर्मी हा शब्द त्यांना त्या नळीवरून समजला, मला वेगळी व्याख्या सांगावी लागली नाही.

आता बुडबुड्यांचा उलगडा. विरघळतं ते जस्तच. त्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन होऊन द्रावणात जातो. ते इलेक्ट्रॉन आम्लातल्या हायड्रोजन आयनांना मिळाले की वायू तयार होतो. अगदी शुद्ध जस्ताच्या पृष्ठभागावर ही देवाणघेवाण फार संथ चालते. तांबं टेकलं की इलेक्ट्रॉन तांब्यात जातात आणि तिथे हायड्रोजन सहज सुटतो. जुन्या खड्यांमध्ये इतर धातूंची भेसळ होती, म्हणूनच ते आपसूक फसफसायचे.

“मग वायू तांब्यातलाही नाही आणि जस्तातलाही नाही?” एकाने विचारलं. नाही, तो आम्लातला. हेन्री कॅव्हेंडिशने 1766 मध्ये या ज्वलनशील हवेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ती धातूतूनच निघते असं त्यालाही वाटलं होतं, हे मी मुलांना सांगितलं. बुडबुडे धातूच्या अंगावरून निघताना दिसतात, तेव्हा तसं वाटणं साहजिकच आहे.

तास संपत आला होता. ती मुलगी अजून चंचुपात्रापाशीच. “इलेक्ट्रॉन जस्तातून तांब्यात जातात, तर त्यांना टेकायलाच कशाला हवं? बाहेरून तारेने जोडले तर?”

1800 साली व्होल्टाने जगापुढे आणलेल्या विद्युतघटाच्या, म्हणजे बॅटरीच्या, दाराशी ती आपल्या पायांनी चालत आली होती. मी भौतिकशास्त्राच्या कपाटातून गॅल्व्हनोमीटर, म्हणजे बारीक विद्युतप्रवाह दाखवणारं उपकरण, काढला. जस्ताची पट्टी एका टोकाला, तांब्याची तार दुसऱ्या टोकाला, आम्लात दोघांमध्ये बोटभर अंतर. काटा एका बाजूला झुकला. तिने तार वर उचलली, काटा शून्यावर आला. पुन्हा बुडवली. पुन्हा झुकला. तिसऱ्या वेळी तिने काट्याकडे पाहिलंच नाही, ती वाकून तांब्यावर बुडबुडे येताहेत का ते बघत होती. येत होते.