तंबोरा लागला, असं कधी म्हणायचं?

अगदी निर्दोष सूर असतो का, आणि असला तर त्याच्यामागे किती लागावं, हा प्रश्न मला तंबोऱ्याची गवसणी काढली की रोज भेटतो. लागावं, असं माझं ठाम मत आहे. एकदा लावला की तो तसाच राहील, ही आशा मात्र ठेवू नये. दुपारची हवा बदलली तरी तारा उतरतात.

खुंटीने तार ढोबळ लावायची, मग मणी सरकवून बारीक फरक काढायचा. जोडीच्या दोन तारांत किंचित अंतर असलं तर आवाजात एक लहर फिरते. सूर जवळ येतील तशी ती संथ होते आणि मिळाले की थांबते. मग खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालच्या सा ची तार, जुळला की कुठल्याही तारेवर न लावलेला गंधार (ग) ऐकू येऊ लागतो. खर्जाच्या तारेत तिच्या पाचपट कंपनांचा स्वर मुळातच असतो, जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याची घासून साधलेली गोलाई, तो वर आणते. कारण ठाऊक असूनही त्या क्षणी मला शहारा येतोच.

विद्यार्थिनी मोबाइलवरचा ट्यूनर घेऊन येतात. सा धरायला तो चालतो. पण त्याचा गंधार पियानोचा, तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनी चढा (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले, तर त्यातले १४). यात यंत्राची चूक नाही. सा पासून शुद्ध पंचमावर (प वर) पंचम रचत १२ पायऱ्या चढलं तर सात सप्तकं वरच्या सा वर पोहोचायला हवं. प्रत्यक्षात आपण जवळपास २४ सेंट पुढे जातो. म्हणजे सगळे स्वर एकमेकांशी तंतोतंत जुळतील अशी सोय निसर्गातच नाही. पियानोने तो फरक बाराही स्वरांत वाटून टाकला. आपण एक सा धरला आणि बाकीचे त्याच्याशी जुळवले. मी निर्दोष म्हणते ते या एका सा च्या नात्याने.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घोडीचा माथा कानशीने हलकेच घासणारे कारागीर बघत मी तासन् तास बसले आहे. त्या माथ्याला अगदी अल्पशी गोलाई असते आणि तार तिला घासत वाजते. तारेखाली सुती दोरा योग्य जागी आला की आवाज खुलतो. घोडीवर तार नुसती कडेला टेकली तर ती मुकी वाजते. वाजून वाजून तारा घोडीवर चर पाडतात, की जवारी पुन्हा काढायची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला फार आनंद झाला. पण मानांकनापेक्षा मला त्या कानशीवरच्या हाताची काळजी जास्त आहे. तो शिकायला वर्षं जातात.

माझी एक विद्यार्थिनी जुळवण्यातच सगळा रियाज संपवायची. तिला मी सांगितलं, गंधार ऐकू आला की गायला लाग, बंदिश झाली की पुन्हा बघ. मोठे गवईसुद्धा भर मैफलीत मागे वळून खुंटी पिळतात. काही श्रोत्यांना तो व्यत्यय वाटतो. मला तो गाण्याचाच भाग वाटतो, आणि त्यासाठी विलंबित ख्याल मिनिटभर थांबला तरी माझी काही तक्रार नाही.