ते वाक्य कुणाचं, तुम्ही विचारलंत म्हणून

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या फ्लॅटवर दर रविवारी डी अँड डी खेळायला आम्ही पाच जण जमायचो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकानं एकेक काल्पनिक पात्र होऊन बोलायचं आणि फासे टाकायचे, असा खेळ. टेबल मोडल्याला आता बरेच दिवस झाले. तरी त्या वेळचं कुणीही भेटलं की शेवटी एकच प्रश्न येतो. आमच्यातल्या एका मुलाचं पात्र सर्जा, त्याला नाही म्हणतानाचं ते लागट वाक्य तू बोललीस, की तुझं पात्र, ती एल्फ?

आजवर मी ‘एल्फ’ म्हणून मोकळी व्हायचे. आज नीट सांगते.

माझी एल्फ इलावेन ३१२ वर्षांची होती. एल्फ ही त्या खेळातली एक काल्पनिक जमात; ते शंभरीच्या आसपास स्वतःला प्रौढ म्हणवतात आणि साडेसातशेपर्यंत जगतात. एवढं जगणाऱ्या बाईला आपल्या कुळाचा अभिमान असणारच. तिला ताठ ठेवल्याबद्दल कुणी मला बोल लावला तर मी आजही भांडेन. जिला साठ-सत्तर वर्षांनी प्रत्येक मित्र जाळावा लागतो, ती माणसांपासून चार हात लांबच राहणार. मला तो तुच्छपणा वाटत नव्हता, ती तिची जपणूक होती. निदान मी तिला तशी लिहिली होती.

सर्जा माणूस. आखाड्यात वाढलेला फायटर, तलवारीआधी खांदा पुढे करणारा. एल्फ झोपत नाहीत, चार तास ध्यानाला बसतात; माणसाला आठ तासांची विश्रांती लागते, त्यात निदान सहा तास झोप. म्हणजे प्रत्येक मुक्कामाला इलावेन चार तास एकटी जागी. डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं विचारलं, “पहाऱ्याला कोण?” की तो म्हणायचा, “तिचं ध्यान उतरलं की मला उठवा.” थकवा लागेल, असं डीएमनं त्याला दोनदा बजावलं होतं. तरी तो उठायचा. शेकोटीपाशी दोघं बसायची. काय बोलायची म्हणाल तर पावसाचं, घोड्यांचं, त्याच्या वस्तादाचं. आठवडाभर मी त्या चार तासांची वाट बघायचे.

मी कुणाची वाट बघत होते, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सर्जाचं नाव घेतलं असतं. त्याला खेळवणाऱ्या मुलाबरोबर मी रंकाळा तलावावर दोन-तीनदा गेले होते. तिथं आम्हाला बोलायला फारसं सुचायचं नाही. एकदाच तो मोकळं बोलला. आईवडिलांचं लग्न आंतरजातीय. आजोळचा उंबरा त्यानं पहिल्यांदा ओलांडला तो बाराव्या वर्षी, तेही आजी गेली म्हणून. हे सांगताना तो पाण्याकडे बघत होता. मी फक्त “हं” म्हणाले.

तो रविवार जुलैतला. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडलेली, सगळ्यांच्या हातात फोन, दर अर्ध्या तासाला कुणीतरी आकडा वाचत होतं. खेळात आम्ही एका पडक्या मठात मुक्कामाला. सर्जा पहाऱ्याला उठला आणि त्यानं इलावेनला सरळ विचारलं, माझ्याबरोबर राहशील का?

टेबल गप्प. मग कुणीतरी म्हणालं, “रोल कर की!” त्यानं फासा टाकला. वीस, सगळ्यात मोठा आकडा. बाकीचे दोघं ओरडले. डीएमनं हात वर केला. फाशानं दुसऱ्या खेळाडूच्या कॅरेक्टरचं मन ठरत नसतं, वीस पडो नाहीतर एक. “उत्तर तिचं,” तो म्हणाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला हो म्हणायचं होतं. पण त्याच क्षणी मनात आलं की हा विचारतोय ते इलावेनला. तिचे चंदेरी केस, तिचे मंत्र, तिची तीनशे वर्षं. मला यानं रंकाळ्यावर कधी काही विचारलं नाही. मला तिचाच राग आला. आणि त्या रागात मी तिचीच जीभ वापरली.

इलावेन म्हणाली, “तुझ्या नातवाचं सरण विझेल तेव्हाही मी अशीच असेन. माझं रक्त मी तुझ्यात कशाला मिसळू?”

तो हसून म्हणाला, “नियमांच्या पुस्तकात हाफ-एल्फ आहेत की.” म्हणजे माणूस आणि एल्फ यांची मुलं.

“आहेत. त्यांना दोन्हीकडे कुणी घरात घेत नाही.”

तो एकदम थांबला. मग फासे पिशवीत भरायला लागला, एकेक करून. “पाणी वाढायलंय,” म्हणाला, “रस्ता बंद व्हायच्या आत निघतो.” त्याचं घर नदीच्या बाजूला, त्यामुळे सगळ्यांना ते खरं वाटलं. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज पार खालपर्यंत येत होता, तेव्हा मला रंकाळा आठवला. त्याआधी नाही. हे मी शपथेवर सांगते, आणि याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

पुढच्या रविवारी निरोप आला, सर्जा पार्टी सोडून गावी गेला असं समजा.

मी त्याला लांबलचक मेसेज केला होता. त्यात म्हटलं होतं की ती एल्फ होती, मी नव्हे. २०१४ च्या पुस्तकातच लिहिलंय की हाफ-एल्फ दोन्ही जगांत वावरतात आणि कुठलंच त्यांचं नसतं. त्यानं “बरं” एवढंच कळवलं. तो मेसेज लिहिणाऱ्या मला आज विचारावंसं वाटतं, पुस्तकात पानंच्या पानं असताना तुला नेमकं तेच कसं सापडलं, बाई? २०२४ च्या नव्या पुस्तकात हाफ-एल्फ ही वेगळी जमातच ठेवलेली नाही. ते वाचून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

आमच्यातली एक मला म्हणाली होती, “ज्या गावात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय लग्नाचा कायदा केला, तिथं बसून तू रक्ताच्या गोष्टी केल्यास.” मी तिच्यावर चिडले होते. इलावेन कोल्हापूरची नाही, म्हणाले. पण रक्त, कूळ, घरात घेणं हे शब्द तिनं कुठल्या जंगलातून आणले? ते मी आमच्याच माजघरात ऐकलेत, जेवणाच्या पंगतीत, अगदी हळू आवाजात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आम्ही कोल्हापूरच्या मुली बोलताना ‘मी येतो, मी जातो’ म्हणतो. इलावेनला मी मुद्दाम ‘मी येते, मी जाते’ दिलं होतं, म्हणजे कोण बोलतंय ते टेबलावर लगेच कळायचं. ‘कुणी घरात घेत नाही’ या वाक्यात मात्र ‘मी’ नाहीच. उरतो तो एकच शब्द. मला आठवतं ते ‘दोन्हीकडे’, म्हणजे इलावेनचं. शेजारी बसलेली मैत्रीण ठामपणे सांगते की मी ‘दोन्हीकडं’ म्हणाले, आपलं रोजचं, घरातलं.

त्याला नक्की आठवत असेल. पण कडे की कडं, एवढं विचारायला त्याला फोन लावायचा म्हणजे आधी काय बोलायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.