लोमे गावचा भाऊबंद

मागच्या उन्हाळ्यात आजोबांच्या नावावरची 1 हेक्टर 32 आर कोरडवाहू जमीन काकाजी, दोन आत्या, आई आणि मी अशा पाच वारसांच्या नावे लावण्यासाठी आम्ही तलाठी कार्यालयात हेलपाटे घालत होतो. त्याच आठवड्यात मी आणखी एका मालमत्तेचा वारस असल्याचे मला ईमेलने कळवण्यात आले. पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशात, लोमे या राजधानीच्या गावी, मार्क नावाचे कोणी तेल कंपनीतले अभियंता सहकुटुंब अपघातात वारले होते आणि बँकेत एक कोटी पाच लाख डॉलर ठेवून गेले होते. त्यांचे नाव मार्क असले तरी आडनाव आमचेच होते, जे अमरावती-अकोल्याच्या बाहेर कोणाला धड उच्चारता येत नाही.

हे पत्र अशा पत्रांच्या ठरलेल्या साच्यातले होते. माणूस एकटा कधीच मरत नाही, बायकामुलांना घेऊनच जातो, कारण एखादे मूल जरी मागे उरले तरी पुढची सगळी गोष्ट कोसळते. पत्र लिहिणारा स्वतःला बॅरिस्टर म्हणवतो, पण त्याचा पत्ता कोणालाही फुकट उघडता येणाऱ्या जीमेल खात्याचा असतो. वरच्या ओळीतले त्याचे नाव आणि खालची सही यांचा मेळ बसत नाही. व्यवहार ‘शंभर टक्के जोखीममुक्त’ असतो, तरीही तो घरच्या माणसांपासून लपवायचा असतो. वर देवाचे नाव इतक्या वेळा घेतलेले असते, की आपण मृत्युपत्र वाचतो आहोत की कीर्तन ऐकतो आहोत, हेच कळेनासे होते.

मला मात्र खरी गंमत वाटली ती वारसाच्या पुराव्याची. आमच्या आजोबांच्या नावाला सातबाऱ्यावर ‘राव’ जोडलेले आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर ते नाही, एवढ्या एका ‘राव’पायी या दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. मग वंशावळ लिहिली, चंद्रपूरच्या आत्याचे आधार कार्ड मागवले, फेरफाराची नोंद झाली, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लागली आणि त्यानंतर मंडळ अधिकाऱ्यांच्या मंजुरीची वाट पाहणे आले. ज्या वावरात मी लहानपणी तुरीच्या शेंगा भाजून खाल्ल्या, त्याचा वारस ठरायला एवढे कागद लागले. इकडे लोमेच्या बॅरिस्टरांनी केवळ आडनावावरून मला कोट्यधीशाचा एकमेव वारस ठरवून टाकले होते. ते आडनावही बहुधा एखाद्या संगणकाने माझ्या ईमेल पत्त्यावरून उचलून मार्कला चिकटवले असावे. तोच मार्क त्याच सकाळी कुठे पाटील, कुठे रेड्डी, तर कुठे मुखर्जी होऊन मेला असेल.

वारस शोधण्याची ही तळमळ पाहिली की मला नागपूरकर भोसल्यांची आठवण होते. 1853 मध्ये तिसरे रघूजी पोटचा मुलगा नसताना वारले, तेव्हा डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि 1854 मध्ये राज्य खालसा करून राजवाड्यातले जडजवाहीरही लिलावात काढले. त्या साहेबाला समोर असलेला वारस दिसला नाही आणि या बॅरिस्टरला नसलेला वारस दर्यापूर तालुक्यात दिसतो.

या धंद्याला जगभर ‘419’ म्हणतात, कारण नायजेरियाच्या दंडसंहितेत फसवणुकीचे हे कलम 419 आहे. आपल्या जुन्या दंडसंहितेतले 420 तर बोलीभाषेतही मुरले आहे, म्हणजे त्यांचा ठक आणि आपला ठक यांच्यात एकाच आकड्याचे अंतर आहे. 2005 मध्ये थट्टेने दिल्या जाणाऱ्या इग नोबेल पुरस्कारांपैकी साहित्याचा पुरस्कार नायजेरियातल्या अशाच पत्रलेखक ‘उद्योजकां’ना जाहीर झाला होता. तो अगदीच अस्थानी होता असे मला वाटत नाही.

अर्थात हा विनोद पूर्णपणे नकळत घडतो, असेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉरमॅक हर्ली यांनी 2012 मध्ये असे मांडले, की पत्र जितके अविश्वसनीय असेल तितके शहाणे लोक आपोआप बाजूला होतात आणि उत्तर देणारे तेवढे खरे भोळे उरतात, त्यामुळे ठकाची पुढची मेहनत वाया जात नाही. आपण शेतकरी माणसे उफणणी जाणतो. आपण हसलो म्हणजे त्याच्या लेखी वाऱ्याने उडालेला भुसा ठरलो. हे वाचल्यापासून माझे हसणे थोडे कमी झाले आहे, पण मार्कला आमचे आडनाव लावताना कोणी एवढा विचार केला असेल, हे मला अजूनही पटत नाही.

एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी ते पत्र काकाजींना मराठीत वाचून दाखवले. पन्नास टक्के बॅरिस्टरचे, चाळीस माझे आणि दहा टक्के खर्चाचे, पण कागदपत्रांचे शुल्क तेवढे आधी मी पाठवायचे, अशी वाटणी होती. काकाजींनी सुपारी कातरता कातरता विचारले, “म्हणजे बटईच झाली का हे? बियानं आपलं, खत आपलं, अन् वावर कोनं पाह्यलं?” आगाऊ शुल्काच्या फसवणुकीचे याहून नेमके वर्णन मी कुठे वाचलेले नाही. मी फोन खिशात ठेवला, तरी काकाजींचे समाधान झालेले दिसत नव्हते. जरा वेळाने ते म्हणाले, “बाबू, त्याले एक विचारजो. पैशाच्या वाटन्या करून राह्यले, पन त्या मार्कची तेरवी केली का कोनी?”