बाउंड्री कुठे सेट करू, मोरीत?

पहिल्या काउन्सेलरने मला "घरच्यांशी बाउंड्री सेट करा" सांगितलं तेव्हा आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. १६० स्क्वेअर फुटांची खोली, माणसं पाच, दार दिवसभर उघडं आणि शेजारच्या मावशी कधीही आत येऊन टोपावरचं झाकण उचलून बघणार आज काय केलंय. आणि गंमत म्हणजे मला त्या मावशींचा त्रास नव्हताच! त्रास होता लोअर परळच्या चकाचक ऑफिसमध्ये, तिथे कोणी "पूर्ण नाव काय गं तुझं?" विचारलं की पोटात गोळा, ६ डिसेंबरची सुट्टी टाकायची तर कारण काय लिहू हे आठवडाभर आधीपासून डोक्यात, आणि घरी आलं की "मॅडम झालीस आता" हे ऐकायचं. ना इथली ना तिथली.

हे सगळं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मुंबईत आता जात कोण बघतं? तुम्ही ओव्हरथिंक करताय." मग उरलेलं सेशन मीच त्यांना समजावत बसले. फी मी भरायची आणि शिकवणीही मीच घ्यायची.

थेरपिस्ट आपल्याच समाजाचा हवा असा माझा हट्ट नाही बरं का. आपल्यातला असला की कधीकधी तो सगळं माहितीच आहे असं धरून काही विचारतच नाही. विचारता आलं पाहिजे, बस. नंतर जिच्याकडे गेले ती माझ्या समाजाची नव्हती, पण तिने सुरुवातीलाच विचारलं की या त्रासाला तुम्ही काय म्हणता, घरचे काय म्हणतात, आधी कोणाकोणाकडे जाऊन आलात. पुढे कळलं की असे प्रश्न डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, २०१३ पासून छापलेले आहेत, कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू म्हणतात, एकूण १६ प्रश्न, आणि तुमच्या ओळखीतल्या कुठल्या गोष्टीचा त्रास होतो का हेसुद्धा त्यात येतं. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नव्हते.

कायदापण आहे की. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७, कलम ३, समाजाच्या चालीरीतीत बसत नाही एवढ्यावरून कोणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही. माझ्या एका गे मित्राला घरच्यांनी "याला नीट करा" म्हणून डॉक्टरकडे नेलं होतं, आणि त्या डॉक्टरने चक्क गोळ्या लिहून दिल्या. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने कन्व्हर्जन थेरपीला, म्हणजे गे माणसाला बदलायच्या असल्या उपचारांना, डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं, तोवर हा पोरगा घर सोडून मीरा रोडला राहायला गेलेला.

पैसे नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पैसे देऊन जाणार असाल तर पहिल्या फोनवरच विचारा, जातीबद्दल किंवा मला मुली आवडतात याबद्दल बोलायचं असेल तर चालेल ना? "आम्ही तसलं काही मानत नाही" असं उत्तर आलं की मी थँक्यू म्हणून फोन ठेवते.