पाऊस इथला, लाटा अल्यूशनच्या

जानेवारीत कॅलिफोर्नियाला जाते म्हटल्यावर पुण्यात सगळ्यांनी ‘ऊन खाऊन ये’ म्हणून निरोप दिला. सांताक्रूझला (मुंबईतलं नव्हे, माँटेरे उपसागराच्या उत्तर कडेचं) पोचले तो पाऊस धो धो कोसळत होता. या किनाऱ्याचा पावसाळाच मुळी हिवाळ्यात असतो, उन्हाळे कोरडे जातात. समुद्र खवळतो तोही आत्ताच. कोकणात असा समुद्र दिसला की होड्या वर ओढून ठेवतात. इथली माणसं नेमकी तेव्हाच फळी घेऊन पाण्यात उतरतात.

मी भाच्याकडे उतरले होते. तो सर्फिंगवाला. सकाळी चहाच्या आधी फोनवर हवामान बघायचं, हा त्याचा नेम. उपसागराबाहेर समुद्रात तरंगणारा एक बोया लाटांची मोजणी पाठवत असतो. ‘आठ फूट, सोळा सेकंद, वायव्य,’ असं भाचा स्वतःशीच पुटपुटायचा. मला वाटलं, खरी गोष्ट ती आठ फुटांची. ‘मावशी, सेकंद बघ,’ तो म्हणाला. दोन लाटांमध्ये जेवढे सेकंद जास्त, तेवढी ती लाट लांबून आलेली आणि अंगात जोर असलेली. आठ सेकंदांची लाट म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेला खळखळाट. सोळा सेकंदांच्या लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी सुमारे ४५ किलोमीटरने सरकतो. म्हणजे अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांच्या बाजूला, साडेतीन हजार किलोमीटरवर वादळ झालं, तर त्याच्या लाटा इथे तीन दिवसांनी हजर. तोवर ते वादळ कदाचित विरूनही गेलेलं असतं.

आमच्या डोक्यावर कोसळणारा पाऊस मात्र वेगळ्याच घरचा होता. हवाईकडून बाष्पाचा एक लांबलचक पट्टा येतो, त्याला इथे ‘पाइनॅपल एक्स्प्रेस’ म्हणतात. त्याच्यापुढे वारा सुटतो तो दक्षिणेचा. आणि हे गाव दक्षिणेकडे तोंड करून बसलेलं! बोयावर आकडे कितीही देखणे असले, तरी दक्षिणेचा वारा लाटांचा पार चिखल करून टाकतो. पाऊस पुढे सरकला की वारा फिरून वायव्येचा होतो, गावाच्या पाठीमागून जमिनीवरून येतो आणि लाटेचं अंग काचेसारखं गुळगुळीत होतं.

मग उतरायचं ना? तर नाही. सॅन लोरेन्झो नदी डोंगरातली माती, गावातल्या गटारांतली घाण असं सगळं घेऊन समुद्रात येते. नदीच्या मुखाशी पाणी थेट चहाच्या रंगाचं झालं होतं. मोठ्या पावसानंतर तीन दिवस पाण्यात जाऊ नका, असा आरोग्य खात्याचा सल्ला असतो. आठवड्यातल्या सर्वांत सुंदर लाटा नेमक्या त्याच तीन दिवसांत आल्या. पुष्कळ जण तरीही उतरले होते. भाचा कानाच्या जुन्या दुखण्यामुळे काठावर थांबला, आणि त्याचं तोंड बघवत नव्हतं. गंमत अशी की हीच नदी पुरात वाळूही आणते, मुखाशी तिचा दांडा साचला की त्यावर छान लाट फुटते. १८८५ साली हवाईचे तीन राजपुत्र रेडवूडच्या फळ्या घेऊन याच मुखाशी लाटांवर स्वार झाले होते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या सर्फिंगची ही सर्वांत जुनी नोंद मानतात.

आम्ही वेस्ट क्लिफच्या कड्यावरून स्टीमर लेन ही सर्फिंगची जागा बघत बसलो. समोर दीपगृह, आत सर्फिंगचं छोटंसं संग्रहालय. कड्यावरून खालचे सर्फर इतके जवळ दिसतात की त्यांच्या शिव्यासुद्धा ऐकू येतात. लाटा टोकाला वळसा घालून आत शिरतात, बारीक होत होत काउएल्सच्या किनाऱ्याला लागतात. तिथे नवशिके शिकतात. पूर्ण भरतीला मात्र कड्यावर आपटून परतणारं पाणी येणाऱ्या लाटेला भिडतं आणि सगळा खेळ बिघडतो.

पलीकडे १९१४ सालचा लाकडी धक्का. २३ डिसेंबर २०२४ ला मोठ्या लाटांत त्याचं टोक तुटून पाण्यात गेलं, तेही आधीच्या वादळातली मोडतोड दुरुस्त करायचं काम चालू असताना. आता तो मधेच संपल्यासारखा दिसतो. सीलायन हे समुद्री प्राणी मात्र खालच्या तुळयांवर पूर्वीसारखेच भुंकत पडलेले असतात.

तीन दिवस सरल्यावर भाचा एकदाचा उतरला. पाणी जेमतेम १२ अंश, रबरी सूटाशिवाय अशक्य. असे सूट घराघरांत पोचवणाऱ्या जॅक ओनीलने १९५९ मध्ये आपलं दुकान याच गावात आणलं. लाटा एव्हाना कमरेएवढ्या उरल्या होत्या, तरी स्वारी खूश.

हिवाळ्यात जाणार असाल तर ओहोटीच्या वेळी कड्यावर जा, डोंगरातून गावात येणाऱ्या हायवे १७ ला पावसात हात लावू नका, दरडी येतात. आणि खाली खडकांवर फोटोसाठी उतरू नका. पंधरा-वीस मिनिटं समुद्र शहाण्यासारखा वागतो, मग एकदम चार-पाच मोठ्या लाटा लागोपाठ येतात. आमच्यासमोर एक जोडपं नखशिखांत भिजलं. त्यांचं नशीब, भिजण्यावरच भागलं.