उषा उथुप गायची तर आधी पट्टी बघा

गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात नाहीतर कोल्हापुरात शाहू स्मारक भवनातल्या कराओकेला ‘हरी ओम हरी’ किंवा ‘रम्बा हो’ आलं की बहुतेक गायिका गळा दाबून आवाज जाड करतात. पहिल्या कडव्याला शिट्ट्या पडतात, दुसऱ्याला घसा बसतो. उषा उथुप यांनी आवाज जाड केलेला नाही, तो मुळातच खर्जातला आहे. मुंबईत जन्म १९४७ चा. हा आवाज इतरांशी जुळत नाही म्हणून शाळेत त्यांना गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं. १९६९ मध्ये चेन्नईच्या ‘नाइन जेम्स’ नाइटक्लबमध्ये, मग कोलकात्यात पार्क स्ट्रीटच्या ‘ट्रिंकाज’मध्ये त्या कांजीवरम नेसून इंग्रजी गाणी गायल्या. समोर माणसं जेवतायत, गप्पा मारतायत. तिथं शब्द स्पष्ट नसेल तर मान वर करून बघणार कोण? ‘प्यारा दुश्मन’ (१९८०) आणि ‘अरमान’ (१९८१) मधली बप्पी लाहिरींची गाणी त्यानंतरची, म्हणजे स्टेज चांगलं पचल्यावरची. ‘डार्लिंग’साठी रेखा भारद्वाज यांच्याबरोबर फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्या चौसष्टच्या होत्या. २०११ ला पद्मश्री, २०२४ ला पद्मभूषण. इतकी वर्षं गळा टिकला, कारण तो कधी दाबला नाही.

आता आपलं. पेटीवर एकेक सूर खाली उतरत ‘आ’ लावत जा. जिथं सूर जाऊन नुसती हवा येते, त्याच्या दोन स्वर वर थांबा. गाण्यातला सगळ्यात खालचा सूर तिथं आला पाहिजे. काळी चार-पाचला, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या सुराला सा धरून, गाणाऱ्या बायकांना मूळ पट्टी सहसा खाली पडते. ती एक-दोन सुरांनी चढवण्यात कसलाही कमीपणा नाही. कराओके ट्रॅक मात्र तीन-चार अर्ध्या सुरांच्या पुढं ओढू नका, ड्रम पत्र्यासारखे वाजतात. कीबोर्डवाला ट्रान्सपोज करतो, म्हणजे बटणानं पट्टी बदलतो, आणि गाणं संपल्यावर शून्यावर आणायला विसरतो. मग पुढचा गायक भलत्याच पट्टीत उचलतो आणि शिव्या त्यालाच पडतात. सॅक्सोफोनवाल्याला बदललेली पट्टी तालमीतच सांगा, स्टेजवर नाही.

आवाज खालचा असला की माइकचा त्रास वाढतो. ओठ जाळीला टेकवले की खालचे सूर आपोआप फुगतात आणि शब्द घुमतात. दोन-तीन बोटं अंतर ठेवा, वरच्या हाकेला वीतभर मागं या. मिक्सरवर लो-कट (अगदी खालचा घुमणारा आवाज छाटणारं बटण) सुरू करा, २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल उतरवा. आपल्याकडं मंडपात बेस चढवायची लईच हौस, पण त्यात हा आवाज पार बुडतो. स्वतःचं गाणं ऐकू येईना की गायिका ओरडायला लागते. अशा वेळी मॉनिटरमध्ये (गायिकेकडं तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) आवाज वाढवण्याआधी बेस गिटार कमी करून घ्या. इकोचंही तेच. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. इको त्याहून लांबला की ‘हरी ओम’चे शब्द एकमेकांवर चढतात.

तांबडा रस्सा कार्यक्रमानंतर. आधी ओरपलात तर ॲसिड वर येतं आणि घसा धरतो.

राहिलं प्रेक्षकांना गायला लावणं. ती उषा उथुप यांची खासियत, आणि नक्कल करणारे नेमके तिथंच फसतात. ओळ आधी नुसती बोलून द्या, मग एकदा त्यांच्याबरोबर गा, मगच माइक पुढं करा. न सांगता माइक पुढं केला तर पब्लिक नुसतं बघत बसतं. माइक पुढं करताना स्पीकरच्या रेषेच्या मागंच थांबा, आणि जाळी मुठीत धरू नका. जाळी झाकली की माइक चारी बाजूंचा आवाज ओढतो आणि शिट्टी मारतो.